सैन्यांत जाणारी मुलगी आणि घरचें ताट

पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून 30 मे 2025 रोजीं 17 मुली, प्रथमच मुलांच्या बरोबरीनें, उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ही वार्ता ऐकून जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीसारख्या गांवींही एखाद्या मुलीस सैन्यांत जावेंसें वाटलें, तर त्यांत नवल तें काय? तिच्या या आकांक्षेचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करितों. परंतु तिच्या मातापित्यांस आमचें एक सांगणें आहे: सैनिकाची पहिली तयारी घरच्या ताटापासून होते.

रक्तांतील हिमोग्लोबिन शरीरास प्राणवायु पोंचवितें, व तें बनण्यास लोह लागतें. दरमहा पाळीच्या स्रावावाटे मुलीच्या शरीरांतील लोह खर्ची पडतें. त्यांत कठोर कवायत व लांब धांव यांची भर पडली म्हणजे तूट वाढते. अमेरिकेच्या सैन्यांत नव्यानें भरती झालेल्या स्त्रियांच्या शरीरांतील लोहाचा सांठा प्राथमिक शिक्षणाच्या कांहीं आठवड्यांतच घटल्याचें तपासणींत आढळलें. आपल्याकडे तर मूळचा सांठाच अपुरा! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील 15 ते 49 वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा 54 स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें दिसून आलें.

अशी मुलगी धांवतांना धापा टाकूं लागली कीं आपण तिला आळशी म्हणतों. तिनें खरें कारण सांगावें, तर पाळीचा उच्चारही घरांत लाजिरवाणा! बैल लंगडला तर आपण त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलावितों. आठवडा उलटूनही स्राव न थांबणाऱ्या मुलीस मात्र ‘बायकांचें असेंच असतें’ म्हणून गप्प बसवितों. श्रम अति व अन्न अल्प झाल्यानें पाळी बंद पडली, तर कित्येक मुली सोय झाली असें मानितात. पण तेंही धोक्याचेंच लक्षण होय.

उपाय आपल्या आटोक्यांतील आहेत. बाजरीची भाकरी, हरभरा, पालेभाजी, चालत असल्यास मांस, आणि त्यांसोबत लिंबू किंवा आंवळा मुलीच्या ताटांत असावा. जेवणाबरोबर चहा नसावा. शाळेंत दर आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी फेंकून न देतां जेवणानंतर घ्यावी. वारंवार थकवा येत असल्यास रक्त तपासावें, व हिमोग्लोबिन 12 हून कमी भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सर्वांचें उरकल्यावर उरलेंसुरलें मुलीनें खावें, ही रीत ज्या घरीं आहे त्या घरानें ती आजच मोडावी. उद्यां देशाच्या रक्षणास जिला पाठवावयाचें, तिला आज पोटभर वाढणें हें आपलें कर्तव्य नव्हे काय?