शेंगदाण्याची पुडी

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीत कुणी ओला चमचा घातला की आपण रागावतो ना? पाणी शिरलं की बुरशी आलीच! याच साध्या गोष्टीवर दुष्काळी देशांतल्या लाखो मुलांचा जीव तगतो आहे.

पूर्वी अगदी खंगलेल्या मुलाला दुधाची भुकटी पाण्यात कालवून देत. पाणी स्वच्छ हवं, कालवलेलं लगेच संपायला हवं. म्हणून आईनं कित्येक आठवडे मुलाजवळ दवाखान्यात राहायचं. घरी मागं राहिलेल्या मुलांचं काय, ते तुम्हीच सांगा! १९९६ साली आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरांनी शेंगदाण्याचं वाटण, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं एकत्र केली. पाण्याचा थेंब नाही. ९२ ग्रॅमच्या पुडीत ५०० कॅलरी. चूल नको, भांडं नको. मुलानं आईच्या मांडीवर बसून चोखायची. २००५ च्या टंचाईत आफ्रिकेतल्या नायजर देशात हजारो मुलं तिनं सावरली.

पण पुडीला पैसा लागतो. यूएसएड या अमेरिकी संस्थेनं १ जुलै २०२५ पासून परदेशांना मदत देण्याचं काम थांबवलं. त्याच महिन्यात, लहान मुलांसाठी दुबईच्या गोदामात ठेवलेली, मुदत संपत आलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं जाळायचं ठरलं. आपण शिळ्या पोळीचासुद्धा कुस्करा करतो हो!

मला कौतुक वाटतं ते नायजरच्या राजधानीतल्या, नियामेतल्या कारखान्याचं. तिथं ही पुडी तिथल्याच माणसांनी बनवायला घेतली. मात्र अशा पुड्या विकत घेऊन वाटणाऱ्यांत मोठी युनिसेफ, आणि तिची झोळी भरते देणग्यांवर.