करप्ट बॅकअप विकणे आहे

परवा टीममधल्या एका पोराने एक गुळगुळीत ब्रोशर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. बायकोला आठवा महिना. "दादा, बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवायचं म्हणतायत. ऐंशी हजार, हप्त्याने. घेऊ का?" आत आजारांची ही लांबलचक यादी. त्यात क्राबे आणि मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी ही नावं बघून माझं डोकंच फिरलं.

हे दोन्ही आजार आनुवंशिक. क्राबेमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे एक विकर (एन्झाईम हो!) नीट तयार होत नाही, विषारी द्रव्य साठतं आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण बनवणाऱ्या पेशी मरतात. दोष गर्भधारणेपासूनचा, म्हणजे बाळाच्या प्रत्येक पेशीत. नाळेतल्या स्टेम सेलमध्येसुद्धा! मंडळी, डेटाबेस करप्ट झाल्यानंतर घेतलेला बॅकअप रिस्टोअर केला तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

गंमत म्हणजे क्राबेवर नाळेतलं रक्त खरंच वापरतात. पण ते दुसऱ्याचं. २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांचा शोधनिबंध आला. लक्षणं दिसण्याआधी, जन्मानंतर १२ ते ४४ दिवसांत, ११ बाळांना परक्या दात्यांचं नाळरक्त दिलं. आधी जबरी केमोथेरपी, मग हे. त्या पाहणीपर्यंत अकराही जगली. लक्षणं सुरू झाल्यावर दिलेल्या १४ पैकी ६ जगली, आणि त्यांच्या मेंदूत फारशी सुधारणा नाही. दात्याच्या पेशींपासून बनलेल्या काही पेशी मेंदूत जाऊन ठाण मांडतात आणि विकर पुरवतात, पण त्याला महिने लागतात. तोवर जे गेलं ते गेलं. लवकर उपचार झालेल्या मुलांनाही पुढे चालण्याबोलण्याच्या अडचणी आल्याच, हेही सांगायला हवं. जादू नाहीये ही.

म्हणजे लागतं काय? दुसऱ्याने दान केलेलं रक्त, आणि जन्मल्याजन्मल्या तपासणी. न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून प्रत्येक नवजात बाळाची क्राबेसाठी तपासणी सुरू केली. आपल्याकडे देशभर अशी सोय नाही. खाजगी तिजोरीत पडलेली पिशवी या दोन्हींपैकी काहीच देत नाही.

आता कुणी हुशार म्हणेल, जीन थेरपीत तर स्वतःच्याच पेशी वापरतात! बरोबर. मेटाक्रोमॅटिकवरची अशी थेरपी युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाली. तिथली किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर. पण त्या पेशी मुलाच्या अस्थिमज्जेतून किंवा रक्तातून तेव्हाच काढतात आणि त्यात दुरुस्त जनुक घालतात. आठवा महिना असताना हप्ता भरायची गरज नाही.

घरात आधीचं मूल आजारी असेल तर गोष्ट वेगळी. धाकट्याचं रक्त जुळलं आणि त्याला तो आजार नसेल तर ते सोन्यासारखं. तिथे डॉक्टर स्वतःच सांगतील. बाकीच्यांसाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: पुढे स्वतःसाठी लागेल म्हणून नाळरक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही. काही कंपन्या हल्ली सगळ्यांच्या पिशव्या सामायिक वापरायची योजना विकतात. म्हणजे उपयोगी पडते ती दुसऱ्याची पिशवी, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे की! मग यादीत क्राबे कशाला छापता राव?

कारण आईबाप घाबरलेले असतात, दुसरं काय. 'बाळासाठी एवढंही करणार नाही?' या प्रश्नापुढे ऐंशी हजार म्हणजे काहीच नाही.

पोराला म्हटलं, एजंटला फोन लाव आणि एकच विचार: माझ्या बाळाला क्राबे निघाला तर ही पिशवी त्यालाच देणार का? त्याने माझ्यासमोरच स्पीकरवर लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, आमचे सीनियर तुम्हाला कॉलबॅक करतील."



अजून आलेला नाही.