आधी एक चकली तळून बघा

मैत्रिणींनो, २०१७ चा तो निकालांचा घोळ आठवतो? मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सगळ्याच शाखांच्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. तयारी अपुरी पडली. ४५ दिवसांत लागायचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

चकलीचं पीठ भिजवल्यावर आपण आधी एकच चकली तळून बघतो. तेलात हसली तर पीठ सुधारतो, मगच घाणा काढतो. सॉफ्टवेअरच्या जगात या शहाणपणाला ‘डेव्हऑप्स’ म्हणतात. हा शब्द २००९ साली बेल्जियममधल्या एका परिषदेपासून रूढ झाला. प्रोग्रॅम लिहिणारे आणि तो रोज चालवणारे यांनी मिळून काम करायचं, बदल थोडाथोडा करायचा, प्रत्येक वेळी तपासायचा आणि बिघडलंच तर चटकन मागे घ्यायचा!

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात आयटी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला याची प्रॅक्टिकल्स आली. त्यात ‘गिट’ असतं. कोणी, कधी, काय बदललं याची ते नोंद ठेवतं. ‘जेनकिन्स’ प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या घेतं. ‘डॉकर’ प्रोग्रॅमला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात भरून देतं. मग ‘माझ्या कॉम्प्युटरवर चालत होतं’ ही सबब उरत नाही.

पण नुसतं जर्नल उतरवून हे अंगी येत नाही. चौघांच्या गटात एकटा राबतो, बाकीचे तोंडी परीक्षेपुरते उभे राहतात. काही तर तयार प्रोजेक्ट विकत आणतात! त्याऐवजी एकच प्रोजेक्ट पहिल्या आठवड्यापासून सत्रभर चालवायला हवा. दुसऱ्या गटाने तो वापरावा, तक्रार करावी, आणि ज्यांनी बनवला त्यांनीच दुरुस्त करावा. मार्क त्या नोंदी बघून द्यावेत. शिक्षकांचं काम वाढेल खरं, पण जबाबदारी अशीच शिकता येते.

अंधेरी-बोरिवलीच्या कॉलेजात शिकणारा तुमचा मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली, की मार्कांआधी एवढंच विचारा : तुझा भाग कोणता? तो वापरतं कोण? बिघडला तर दुरुस्त कोण करतं? त्यासाठी आपल्याला कॉम्प्युटर यायलाच हवा असं नाही. उद्या रेल्वेचं तिकीट, गॅसचं बुकिंग आणि आपल्या नातवंडांचे निकाल याच मुलांच्या हाती असणार आहेत. पटतंय ना?