बारभाईंतला फडणीस

महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी मुलं निवडताना एक वाक्य दर वर्षी ऐकू येतं: ‘यंदा तू बॅकस्टेजला राहा, पुढच्या वर्षी बघू.’ जो वाचताना अडखळला, ज्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही किंवा जो निवड संपल्यावर धापा टाकत आला, त्याच्या हाती हातोडी, खिळे आणि चहाची किटली येते. रंगमंच व्यवस्थेतला साहाय्यक असा ठरतो. हे काम कुणालाही जमतं, म्हणून ते उरलेल्याला द्यावं, ही त्यामागची समजूत. ती खोटी आहे. कोपरगावात तर ती बाळगणं अधिकच विचित्र, कारण या गावाशी जोडलेल्या दोन मोठ्या नाट्यकथा एकेका वस्तूवर उभ्या आहेत.

पहिली बेटातली. गोदाकाठच्या कोपरगाव बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि कच-देवयानीची कथा इथलीच, असं गाव मानतं. खाडिलकरांचं 1913चं ‘विद्याहरण’ याच कथेवरचं. दैत्य कचाला तिसऱ्यांदा मारतात, जाळतात आणि राख मद्यात कालवून गुरूलाच पाजतात. पुढचं सगळं त्या एका चषकातून निघतं. आता समजा, आपल्या मुलांनी ही कथा एकांकिकेत बसवली. चषकात काय घालायचं? नट ते खरंच पिणार. कोकमाचं सरबत चालेल, पण कुणी हौसेनं राखेऐवजी कोळशाची पूड कालवली, तर शुक्राचार्यांना ऐन संवादात ठसका लागणार. भरलेला चषक प्रवेशाआधी विंगेत हवा, तोही अंधारात कुणाचा पाय लागणार नाही अशा जागी. वापरून झालेला चषक कोण उचलणार? मेलेला कच ब्लॅकआऊटमध्ये उठतो, मागच्या पडद्याआडून पलीकडे पळतो आणि पुन्हा जिवंत होऊन येतो. तिथे त्याचं दुसरं उपरणं घेऊन कोण उभं आहे? प्रयोग चालू असताना दिग्दर्शकाला यातलं काहीही करता येत नाही. तो तेव्हा प्रेक्षकांत बसून नखं खात असतो.

दुसरी कथा राघोबादादाची. नारायणराव पेशव्याचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात झाला. ज्याच्यावर त्याचा ठपका आला, त्या राघोबादादाची, म्हणजे रघुनाथरावाची, अखेर 1783च्या डिसेंबरात कोपरगावला झाली. हुकमातल्या ‘धरावे’मधल्या ‘ध’चा ‘मा’ खरोखर झाला की नाही, यावर इतिहासकारांनी खुशाल भांडावं. रंगमंचावर तो करायचा, तर कागद दोन लागतात: खाडाखोडीआधीचा आणि नंतरचा. ‘प्रेक्षकाला कागदावरचं अक्षर थोडंच दिसतं?’ असं कुणी हसत विचारेल. प्रेक्षकाला नाही दिसत, नटाला दिसतं. पाठ केलेली ओळ एक आणि डोळ्यांपुढची दुसरी, अशी गत झाली की पट्टीचा नटही क्षणभर चाचरतो. ते दोन कागद दोन वेगळ्या जागी ठेवण्याला हमाली म्हणत नाहीत. त्याला नाटक समजणं म्हणतात. कुठल्या प्रवेशात कोणती वस्तू कुणाच्या हाती असते आणि ती का असते, हे साहाय्यकाला नटाइतकंच पाठ लागतं. नटाला फक्त स्वतःचं पाठ असलं तरी भागतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचा संघ लहान, सगळेच सगळं करतात, वेगळा साहाय्यक कशाला? भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवात एकांकिकेला 30 मिनिटं मिळतात. माणसं जास्तीत जास्त 12, त्यांतली रंगमंचावर 9 आणि साथीला व मागे 3. मंच रिकामा मिळतो आणि रिकामाच परत द्यायचा असतो. सेट लावणं आणि उचलणं दोन्ही मिळून 10 मिनिटांत. लावण्यातच 8 गेली, तर उचलायला 2 उरली. इथे ‘सगळे मिळून’ म्हणजे एक लेव्हल चौघांनी धरलेली आणि खुर्ची टेम्पोतच राहिलेली. बारा जणांनी मिळून कारभार करता येतो, नाही असं नाही. राघोबादादाला 1774 मध्ये पेशवाईवरून हटवलं ते बारभाईंनीच. पण त्या बारभाईंत एक नाना होता आणि त्याच्याकडे फडणिशी होती. दफ्तर कुणाकडे, हा प्रश्न तिथे पडत नव्हता.

तालुक्याच्या गावातल्या संघाला तर हा फडणीस जास्तच हवा. पुण्यातल्या मुलांना भरत नाट्य मंदिराच्या विंगा तोंडपाठ असतात, 1963पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक तिथे गाजतो. कोपरगावची मुलं नगरला किंवा नाशिकला जाऊन आयुष्यात प्रथमच पाहिलेल्या मंचावर उभी राहतात. तालमीच्या हॉलची मापं वहीत असणं, नव्या मंचावर ती टेपनं पुन्हा मोजणं, नटाची जागा चार पावलं सरकली तर ते त्याला पडदा उघडण्याआधी सांगणं, हे कुणीतरी केलंच पाहिजे. आणि मुलगी असेल तर कपडेपट, मुलगा असेल तर लेव्हल उचलायला, ही वाटणीही निव्वळ आळस आहे.

तुच्छतेचं खंडन सोपं होतं. मला जास्त खटकतं ते कौतुक. बक्षीस समारंभात कुणीतरी ‘पडद्यामागचे अनाम हात’, ‘निःस्वार्थ सेवा’ वगैरे म्हणतं आणि टाळ्या पडतात. हे कौतुक तुच्छतेचंच सोवळं रूप आहे, कारण सेवा म्हटलं की अधिकार द्यावा लागत नाही. भरतमुनी या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी. नाट्यशास्त्रात नाटकमंडळीची मोजदाद करताना त्यांनी मुकुट घडवणारा, माळा करणारा, वेष करणारा, अगदी धोबीसुद्धा कामानिशी वेगळा सांगितला. अनाम कुणालाच ठेवलं नाही. लंडनच्या नाटकघरांतही रंगमंच व्यवस्थापक, त्याचा उपव्यवस्थापक आणि साहाय्यक यांची कामं ठरलेली असतात. प्रॉपर्टी आणि विंग साहाय्यकाकडे. तिथे कुणी त्यांच्या त्यागावर भाषण करत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. साहाय्यक पहिल्या वाचनाच्या दिवशी नेमा, नटांची निवड व्हायच्या आधी. शक्य तर एखाद्या चांगल्या नटालाच वर्षभर ते काम द्या. संहितेची एक प्रत त्याची, आणि तालमीत बदललेली प्रत्येक हालचाल तीत त्याच्याच हातची. प्रॉपर्टीच्या टेबलाला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, नायकानंसुद्धा नाही. तिसरी घंटा त्याच्या होकाराशिवाय होऊ द्यायची नाही. स्पर्धेत संघाचा परिचय सुरू झाला की वेळ मोजायला लागतात, म्हणून त्याचं नाव घेता येत नाही, अशी सबब सांगितली जाते. बरं, नका घेऊ. पण चषक अजून भरलेला नाही असं त्यानं विंगेतून सांगितलं, तर दिग्दर्शकानं थांबायचं.