दिव्यासही वारा हवा

एल्. ई. डी. दिवा तापत नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मतें हाच समज घरोघरचे दिवे अकालीं मंद करितो. जुन्या दिव्याची तार सुमारें २५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापे, तेव्हां ती उजळे. नव्या दिव्यास मात्र उष्णता ही वैरीण होय. त्यास दिलेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक विजेची उष्णताच होते, व ती त्याच्या बुडाशीं सांचते. वीज वाढविल्यास प्रकाश त्या प्रमाणांत वाढत नाहीं. उष्णता मात्र वाढते. म्हणून पालकांनीं दिवा घेतांना नुसते वॉट पाहूं नयेत. दोन्ही दिवे ९ वॉटचेच असतां ज्याचे लुमेन कमी, तो अधिक तापणार. आणि कोणताही दिवा बंद हंडींत कोंडूं नये. त्यास वारा मिळूं द्यावा.

प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर आला, कीं दिव्याचें उपयुक्त आयुष्य सरलें, असें सामान्यतः धरितात. तरी दिवा तेवतच राहतो. घरांत कोणास कांहीं उमगत नाहीं, आणि अभ्यासास बसलेलें मूल पुस्तक डोळ्यांजवळ ओढूं लागतें. विद्यार्थिमित्रांनो, पुस्तक असें जवळ येऊं लागलें, तर एकवार दिव्याकडेही पाहा.