एका पंगतीत

1938 साली यवतमाळात मराठी बायबल शाळा निघाली. 1953 साली तिचीच युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली आणि कापसाच्या या गावात पार नागालँडपासून केरळपर्यंतची पोरं शिकायला येऊ लागली. पंथही नाना तऱ्हेचे. काहींच्या मते बाप्तिस्मा पाण्यात बुडवूनच घ्यायचा, काहींना डोक्यावर शिंपडलेलं चालतं. बाप्तिस्मा तान्हेपणी की जाणतेपणी, या वादावरून तर युरोपात एकेकाळी माणसं मारली गेलीत. सेमिनरीत मेनोनाइटही आले, शस्त्र हाती धरायचंच नाही म्हणणारे. तिकडे नागा टेकड्यांत तेव्हा लष्कर आणि बंडखोर समोरासमोर, आणि इथे तिकडचा मुलगा वऱ्हाडी ठेच्यानं डोळे पुसत मराठी पोराशेजारी जेवणार! शत्रूवर प्रेम करा, हे व्यासपीठावरून सांगायला काय जातं? शत्रू सहसा लांब असतो. भर मे महिन्यात यवतमाळात बादलीभर पाण्यासाठी रांगेत पुढे उभा असलेला परका मुलगा, त्याचं काय करायचं ते बोला. शांततेच्या परिषदांपेक्षा अशा वसतिगृहावर माझा जास्त भरवसा आहे. 1983 साली सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीत गेली. विदर्भातलं बरंच काही जातं, तशीच.