पैसे अडकले, विचारायचं कुणाला?

‘ताई, माझ्या खात्यातून गेले, तुमच्याकडे आले नाहीत?’ बचत गटाच्या स्टॉलवर हा प्रश्न आता नेहमीचाच झालाय. पापडाचं पाकीट गिऱ्हाइकाच्या पिशवीत, पैसे मात्र अधांतरी!

२०१६ साली यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, हे खरंच. पण आपण एकच बटण दाबतो, तरी आत काम चौघांचं असतं. मोबाईलमधलं ॲप, देणाऱ्याची बँक, मधली एनपीसीआय ही संस्था आणि घेणाऱ्याची बँक. यातलं एक जरी अडलं तरी व्यवहार लटकतो. ॲपवाले म्हणतात, बँकेत विचारा. बँक म्हणते, आमच्याकडून गेले. आचारी म्हणतो स्वयंपाक झाला, वाढपी म्हणतो वाढून झालं, आणि पंगतीतला पाहुणा उपाशीच!

कोणत्या बँकेचे किती व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, याचे आकडे एनपीसीआय दर महिन्याला जाहीर करते. चांगलंच आहे. पण ते एकेकाचं प्रगतिपुस्तक झालं. आपल्याला हवाय तो साऱ्या साखळीचा हिशेब. निघालेली रक्कम पोचली का? नसेल तर परत आली का? किती वेळात?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती घालून दिल्या आहेत. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत मिळायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता! पण आपल्यापैकी किती जणींना हे माहीत आहे? किती रकमा अडकल्या, किती वेळेत परतल्या, भरपाई किती दिली, हे प्रत्येक बँकेने शाखेतल्या फलकावर लावायला काय हरकत आहे?

तोवर मैत्रिणींनो, आपणच जागरूक राहू या. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचा हिरवा टिक पाहून माल देऊ नका. आपल्या खात्यात जमा झाले का ते बघा. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा. तक्रार आधी ॲपवर, मग बँकेत लेखी करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि लक्षात ठेवा, पैसे परत मिळवायला पिन कधीच लागत नाही. रक्कम दोनशेची असो वा दोन हजारांची, ती आपल्या घामाची आहे.